दगडू पावण्याचं गोत

आईच्या भिशीतला तांबोला आमच्या घरी नेहमी एकवीस आकड्यापासून सुरू व्हायचा. एक ते वीस आकड्यांची बटणं डब्यातून गायब झाली होती, आणि ज्या बाईच्या तिकिटावर त्यातला एखादा आकडा असेल तिनं तो खेळ सुरू व्हायच्या आधीच खोडून टाकायचा, असा नियम आईनं करून टाकला होता. बायका कुरकुरायच्या. ‘बटणं गेली कुठं पण, वहिनी?’ असं कुणी विचारलं की आई आतल्या खोलीकडं मान वळवून म्हणायची, ‘पोरांनी राक्षस मारायला नेल्यात.’ बायका हसायच्या. त्यांना वाटायचं आई चेष्टा करते. पण ते अक्षरशः खरं होतं. ती वीस बटणं आईच्याच लग्नातल्या मखमली बटव्यात घालून आम्ही ठेवून घेतली होती, कारण आमच्या खेळाला वीस तोंडांचा फासा लागायचा आणि असला फासा त्या काळात कोल्हापुरात कुणी पाहिलासुद्धा नव्हता.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी मुलगी. ती बेंगळुरूला शिकते आणि रविवारी फोन करते. गेल्या रविवारी म्हणाली, ‘मम्मी, आम्ही मित्रमैत्रिणी एक गेम खेळतो. त्यात या वेळी मी एक खुळं कॅरेक्टर केलंय, नुसतं हसायला. लढाईच करत नाही ते.’ मी म्हटलं, दूध उतू चाललंय, नंतर बोलते. गॅसवर दूध नव्हतं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि बराच वेळ खालची रहदारी बघत बसले. पंचेचाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण दगडू पावण्याचं नाव मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगते.

मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या, माडीवरच्या, पुढं लाकडी गॅलरी. खाली चटणीचा डंक होता. मिरच्या, खोबरं, लसूण कांडायला सगळ्या पेठेतून बायका डबे घेऊन यायच्या आणि सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत धप्प, धप्प, धप्प असा आवाज आमच्या फरशीतून पायात चढायचा. उन्हाळ्यात तर घरात येणारा पाहुणा आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय की डंक बंद झाला की झोपेतला माणूस जागा व्हायचा. अण्णा, म्हणजे वडील, पाटबंधारे खात्यात नोकरीला, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, मी बारावीला, आणि माझा मोठा भाऊ विजूदादा. दादा नकला करायचा. तालमीच्या वस्तादांची, फुटबॉलच्या मॅचला कडेला उभं राहून शिव्या घालणाऱ्या म्हाताऱ्याची, आमच्या हेडबाईंची. समोरच्या माणसासमोर त्याचीच नक्कल करायचा आणि तो माणूस रागवायच्या ऐवजी चहा पाजायचा, ही त्याची खुबी होती.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला त्याचे पाय सुजायला लागले. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्याच्या डाव्या मनगटाजवळ डॉक्टरांनी दोन शिरा जोडून दिल्या होत्या, तिथं कान लावला की आतून घुं घुं असा आवाज यायचा. मी मुद्दाम कान लावून ऐकायची. ‘काय म्हणतंय?’ दादा विचारायचा. ‘गिरणी चालू हाय,’ मी सांगायची. सगळ्यात वाईट होतं ते पाण्याचं. दिवसाचं पाणी मोजून. आईनं एका काचेच्या पेल्यावर माझ्या लाल नेलपेंटनं रेघ ओढली होती. त्या रेघेपर्यंत भरलेले ठरावीक पेले, बस्स. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचं पाणी आलं. मीठ नाही, फळं नाहीत, भाज्या दोनदा पाणी काढून उकडलेल्या. कोल्हापूरच्या पोराला बिनतिखटाचं, बिनमिठाचं आणि बिनरश्श्याचं जेवायला वाढताना आई ताटाकडं बघायची नाही.

अशा घरात तो खेळ आणला केदारनं. केदार शेजारचा, पुण्याला इंजिनिअरिंगला होता, पण त्याचं एक वर्ष बुडालं म्हणून घरी येऊन बसला होता. कुणाकडून तरी त्यानं एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळवली होती. खेळ असा की त्याला पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि बाण लागला की हुकला, राक्षस फसला की नाही, हे फाशावर ठरतं. केदार गोष्ट सांगणारा. दादा पलंगावर उशीला टेकून, मी खाली चटईवर. केदारनं आम्हाला एकेक कागद दिला आणि म्हणाला, आपापला नायक तयार करा. बळ, चपळाई, बुद्धी, बोलणं यात गुण वाटून घ्या. मी लगेच विद्युल्लता नावाची धनुर्धारी राजकन्या केली, हिरव्या डोळ्यांची. मला तेव्हा स्वतःचा फार राग यायचा, त्यामुळं जे जे मी नव्हते ते सगळं तिला देऊन टाकलं.

दादानं कागद परत दिला तो केदारनं उलटसुलट करून बघितला.

‘विजू, हे काय? बळ शून्य, चपळाई शून्य, बुद्धी एक. सगळं बोलण्यात घातलंस?’

‘व्हय.’

‘आणि हा आहे कोण? योद्धा, मांत्रिक, चोर, काय?’

‘पावणं.’

‘पाहुणा हा काय धंदा आहे का?’

‘शिरोळात जाऊन बघ की, हाय का न्हाय.’

दगडू पावणं. धोतर, डोईला पटका, काखेत छत्री आणि खांद्यावर कृष्णाकाठच्या वांग्यांचं पोतं. हत्यार नाही. केदारच्या त्या गंभीर राज्यात, जिथं सगळे शापित आणि वचनबद्ध होते, तिथं हा कुणाकडं आलाय याचा पत्ताच नव्हता. केदारच्या द्वारपालानं विचारलं, ‘कोणाकडे जायचंय?’ तर दगडू म्हणाला, ‘बघू, कोणतरी निघंल की.’ केदार वैतागून म्हणाला, ‘अरे, बळ शून्य घेऊन पहिल्याच गुहेत मरशील.’ ‘मरू दे की,’ दादा म्हणाला, अगदी सहज. केदारनं पुस्तकात डोकं घातलं आणि मी उगाच उठून डंकाच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

पहिल्या गुहेत ड्रॅगन होता. केदारनं आवाज खोल केला. ‘हे मर्त्य मानवा! माझ्या गुहेत पाऊल ठेवण्याचं धाडस केलंस?’

‘व्हय, व्हय,’ दगडू म्हणाला. ‘जेवलासा का?’

‘मी मानवाचं रक्त पितो!’

‘ते झालं च्यापाण्याचं. मी जेवणाचं इचारतोय.’

दगडूनं पोतं खाली ठेवलं, तीन दगडांची चूल मांडली आणि वांगी भाजायला घेतली. वास सुटल्यावर त्यानं विचारलं, ‘गाव कंचं?’ केदार रागानं म्हणाला, ‘उत्तरेचा धूम्रपर्वत.’ ‘म्हंजे वरल्या अंगाचा का खालल्या?’ ‘...वरल्या.’ ‘आरं तिच्या! आमच्या आत्याच्या जावंची भाची तिकडंच दिलीया की!’ बटव्यातून बटण काढलं तर एकोणीस. नियमाप्रमाणं ड्रॅगनला ते मान्य करणं भाग होतं. त्या संध्याकाळी तो आमचा सोयरा झाला, आणि सोयऱ्याला मारता येत नाही. माझी विद्युल्लता तेवढा वेळ धनुष्य ताणून उभी होती, तिचा हात भरून आला. मी इतकी हसले की खालून डंकाच्या मालकानं हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून. कित्येक महिन्यांनी आमच्या घरातून हसण्याचा आवाज गेला होता.

दगडू कुणाची नक्कल होती हे सांगायला नकोच, पण सांगते. अण्णांचे थोरले भाऊ, शिरोळचे तात्या. ऊस, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर आणि गल्लीच्या तोंडाशी उतरल्यापासून ऐकू येणारा आवाज. येताना वांग्यांचं पोतं. तात्या एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला कोल्हापूर यायच्या आत नातेवाईक करून सोडायचे आणि कधीकधी त्याला घेऊनच घरी यायचे. त्यांची एक रीत होती. ते आधी ‘जेवलासा का’ विचारायचे आणि मगच ‘गाव कंचं’. लहानपणी मी एकदा कारण विचारलं होतं. तात्या म्हणाले, ‘गाव कळलं की माणूस इचार कराय लागतंय, ह्याला वाढावं का न्हाय. म्हणून आधी ताट, मग गाव.’

एके दिवशी दादा दगडू होऊन एका चेटकिणीचं माहेर शोधत असताना तात्या पोतं घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. आम्हाला पत्ताच नाही. अचानक मागून पोतं पडल्याचा आवाज आला आणि बघतो तर तात्या उंबऱ्यावर बसून पटक्याच्या शेवानं डोळे पुसतायत. ‘आरं लेका, हे तर माझंच सोंग हाय की!’ तेव्हापासून आले की आधी विचारायचे, ‘दगडू कुठवर पोचला?’ आणि नात्याचे नवेनवे धागे सुचवायचे. ‘राक्षसाची आई भोज्यातली दाखव. भोज्यातल्या बायका लई, कुठंबी निघत्यात.’ हे भोजे कुठं आहे ते मला अजून माहीत नाही. केदारच्या नकाशावर मात्र ते आलं.

डॉक्टर म्हणाले, डायलिसिसवर फार दिवस काढता येणार नाहीत, दुसरी किडनी बसवायला हवी. दादाचा रक्तगट ओ, आणि ओला फक्त ओचीच चालते. अण्णांचा बी, आईचा बी आणि वर तिला साखर. माझा ओ. मी तिथल्या तिथं म्हणाले, ‘मी देतो की!’ (कोल्हापूरच्या पोरी ‘देतो’च म्हणतात, सासरी आल्यावर मला ‘देते’ शिकावं लागलं.) डॉक्टरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. अठरा पूर्ण झाल्याशिवाय कायद्यानं चालत नाही. अठरा पूर्ण व्हायला अजून बराच अवकाश होता. घरात त्यावर पुढं कुणी बोललं नाही, पण आई माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. एक पोर वाचवायला दुसरं कापायला द्यायचं, हा हिशेब तिला मांडता येत नव्हता आणि सोडवतही नव्हता.

तात्यांनी हे ऐकलं आणि ताटावरून उठून हात धुवायच्या आधीच म्हणाले, ‘माझा गट ओच हाय. दोन हायत्या की माझ्याकडं, एक काय लोणच्याला घालायची हाय?’ पुण्याला तपासण्या झाल्या, सगळं जुळलं, ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या दिवशी आईनं भरली वांगी केली आणि दादाला दोनदा उकडून एक फोड दिली. दादा तोंडात घोळवत म्हणाला, ‘तात्या, आता तुमचं आमचं खरंच नातं निघालं बघा.’ तात्यांनी त्याच्या मानेवर आपला रुंद हात ठेवला. तो हात थोडा थरथरत होता, हे मला तेव्हा दिसलं होतं. मला वाटलं, आनंदानं.

निघायच्या सकाळी बॅगा दारात, जीप गल्लीच्या तोंडाशी. तात्या पहिल्या गाडीनं यायचे होते. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. आई गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. मग फोन वाजला. तात्यांचा थोरला मुलगा बोलत होता. ‘तात्यांचं जमायचं न्हाय, काका. आमी पाठवत न्हाय.’ मागून शिरोळच्या काकूंचं रडणं ऐकू येत होतं, असं अण्णांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा ते फक्त फोन कानाला लावून उभे होते, पलीकडून ठेवला गेला तरी. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आमच्यापैकी कुणी हललं नाही. शेवटी दादाच उठला, कठड्याला धरून वाकला आणि खाली ओरडला, ‘पावणं, गाडी न्या माघारी! लगीन मोडलं!’ आणि येऊन पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपला.

मला आजही तो हॉर्न ऐकू येतो. रागही येतो, खोटं कशाला बोलू. नाहीच म्हणाले असते तर आम्ही दुसरं काही बघितलं असतं. हो म्हणून, तपासून, तारीख घेऊन माणसानं दारात येऊ नये? त्या दिवसापासून आईनं वांगं घरात आणलं नाही आणि तात्या आमच्या गल्लीत फिरकले नाहीत.

केदारला वाटलं, आपण काहीतरी करावं. बिचाऱ्याकडं करण्यासारखं होतं काय, तर ती गोष्ट. पुढच्या खेळाला त्यानं आम्हाला एका नदीकाठी नेलं. उसाच्या फडात एक राक्षस राहतो, म्हणाला. तो वाटसरूंना मदतीचं वचन देतो आणि ऐन वेळी पळून जातो. आज तो बेसावध झोपलाय. केदारनं माझ्याकडं बघितलं आणि मला सगळं समजलं. मी विद्युल्लतेचा सगळ्यात जहरी बाण काढला.

‘थांब,’ दादा म्हणाला. ‘दगडू म्होरं जातोय.’

‘कशाला?’

‘राक्षसाला उठीवतोय. अवो, जेवलासा का?’

मी ताडकन उठले. ‘दादा, बास! अजून त्यांचंच सोंग करतोस? पळून गेला तो माणूस! दुसरं पात्र घे, नाहीतर मी खेळत नाही.’

‘दुसरं मला जमत न्हाय.’

‘तुला राग कसा येत नाही रे?’

दादानं पेल्याकडं बघितलं. रेघेच्या खाली बोटभर पाणी उरलं होतं आणि दिवस अर्धा शिल्लक होता. ‘राग आला की घसा वाळतोय, मने. आणि मला पाणी मोजून हाय.’ मग म्हणाला, ‘भ्याला गं त्यो. मी बघितलाय त्याचा हात. माझंबी हात तसंच कापत्यात, सुई दिसली की. मला जावंच लागतंय म्हणून जातो. त्याला जावं लागत न्हवतं, एवढाच काय तो फरक.’

मी काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते, पण बसले. बटव्यात हात घातला तर दोन निघाला. म्हणजे राक्षस काही सोयरा झाला नाही. तो उसात पळून गेला. दगडूनं भाजलेली वांगी द्रोणात घालून फडाच्या कडेला ठेवली आणि दादा म्हणाला, ‘असू दे. भूक लागल्यावर यील.’ केदारनं पुस्तक मिटलं. त्या दिवशी तो चहा न घेता घरी गेला.

त्यानंतर दादा झपाट्यानं खाली आला. त्यानं माझ्या अठराव्या वाढदिवसापर्यंत टिकायचं, एवढंच घरात सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणाच्या ओठावर नव्हतं. मी एकदा बोलले तर म्हणाला, ‘आधी अठराची हो, मग भांडू आपण.’ त्याला माझी किडनी घ्यायची नव्हती, मला द्यायची होती, आणि ते भांडण आम्हाला करायला मिळालं नाही. खेळ मात्र त्यानं सोडला नाही. बोलून धाप लागायला लागली तेव्हा कागद माझ्याकडं सरकवला. ‘तू चालव दगडूला. मी ऐकतो.’ डोळे मिटून पडला. केदारनं एक कवटीवाला पहारेकरी आणला. मी आवाज जाड करून म्हणाले, ‘राम राम, गाव कंचं तुमचं?’

दादानं डोळे न उघडता हात हलवला. ‘चुकलीस. आधी ताट, मग गाव.’

‘बरं, बरं. जेवलासा का?’

‘खरं इचार. नुसतं म्हणू नको.’

मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्यानं मान डोलावली आणि त्याला झोप लागली. केदार आणि मी हळू आवाजात बोलत राहिलो, दगडूनं पहारेकऱ्याला वांगी वाढली, पण त्याचं गाव-आजोळ काही आम्हाला नीट काढता येईना. नातं जुळवायची ती अक्कल दादाचीच होती.

तो दुपारी गेला, घरीच. खाली डंक चालू होता. आईनं त्याच्या मनगटाला कान लावला, मग मला म्हणाली, तू बघ. मी कान लावला. आतली गिरणी बंद झाली होती. खालून मात्र धप्प, धप्प येतच होतं. अण्णा जिना उतरून खाली गेले आणि एवढंच म्हणाले, ‘जरा बंद करता का.’ डंक भरदुपारी थांबला, आणि त्या शांततेवरूनच पेठेला कळलं. बायका हातातले डबे खाली ठेवून वर यायला लागल्या.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. केदारची आई पिठलं-भाकरी आणून द्यायची. आमच्याकडं दुखवट्याला आलेल्या माणसाला ‘या’ म्हणत नाहीत, जाणारा ‘येतो’ म्हणत नाही. माणसं येतात, भिंतीला टेकून बसतात, उठून जातात. जेवलात का, असं तर त्या घरानं कुणाला विचारायचंच नसतं. त्यामुळं तात्या आले तेव्हा त्यांच्याशी कुणी बोललं नाही हे रीतीत बसत होतं. पण त्या न बोलण्यात काय होतं ते प्रत्येकाला कळत होतं. पटका काढून हातात धरलेला, खांद्यावर पोतं नाही. मी त्यांना बिनपोत्याचं कधी बघितलं नव्हतं. ते आत आलेच नाहीत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. अण्णांनी मान खाली घातली. आई पदर तोंडाशी धरून भिंतीकडं बघत राहिली. दादाचे चुलते म्हणून तात्यांनाही सूतक होतं. किडनीला जे नातं पुरलं नाही ते सुतकाला बरोबर लागू झालं, असं माझ्या मनात आलं आणि मला इतकी चीड आली की वाटलं, उठावं आणि दार लावावं. मी उठलेही.

दाराशी गेले तर तात्यांचा हात दिसला. पटका धरलेला हात कापत होता.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘तात्या, जेवलासा का?’

सगळ्या खोलीनं माझ्याकडं वळून बघितलं. कुणीतरी बाई ‘अगं’ म्हणाली. मी माफ केलं होतं का? नव्हतं. आजही नीटसं केलेलं नाही. पण मी नुसतं म्हटलं नव्हतं, खरंच विचारलं होतं, आणि ते त्यांना ओळखू आलं. तात्यांचे ओठ हलले. मग म्हणाले, ‘न्हाय गं.’

मी ताट घेतलं, त्यात भाकरी आणि पिठलं वाढलं आणि उंबऱ्याच्या आत ठेवलं. तात्या आत येऊन ताटासमोर बसले. त्यांनी एक घास मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला, आणि तो चावतानाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर, मिशांवर, भाकरीवर पडायला लागलं. पुढचा प्रश्न मी विचारला नव्हता. मला विचारायचा नव्हताच. पण खेळातल्या त्या सगळ्या राक्षसांसारखं त्यांनी आपण होऊन उत्तर दिलं, ताटाकडं बघत, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘गाव शिरोळ. विजूचा चुलता म्या.’

तात्यांना ठसका लागला. भिंतीकडं तोंड करून बसलेली आई मागं न वळता म्हणाली, ‘मने, पाणी दे त्यास्नी.’

मी आत गेले. मोरीच्या कट्ट्यावर लाल रेघेचा पेला तसाच पालथा होता. तो मी बाजूला सारला आणि तांब्या काठोकाठ भरून आणला.